आप्पांच्या वाट्याचं शास्त्र

माझ्या संगीताच्या क्लासला येणाऱ्या मुलांना गाणं हवं असतं, शास्त्र नको असतं. इतकी वर्षं हेच बघते आहे, तेव्हा आता मी त्यावर चिडणं सोडायला हवं. पण स्वभावाला औषध नाही. परवाच एक नवी मुलगी म्हणाली, "टीचर, थियरी शा माटे? गातां तो आवडे छे ने!" गाता येतं ना, मग थियरी कशाला, असा तिचा रोकडा सवाल. मी म्हटलं, "गाता येतं असं तुला वाटतं, बाई. आधी तीनतालाची खाली कुठे ते दाखव." नवव्या मात्रेवर टाळी न देता हात नुसता बाजूला न्यायचा असतो, त्याला खाली म्हणतात. तिने तिथेच सणसणीत टाळी हाणली. सुरतेतल्या पोरांचा हा जुना रोग आहे. नवरात्रात गरबा खेळून खेळून टाळी अशी हाडीमाशी मुरलेली असते की टाळीची जागा मोकळी सोडायची, हे त्यांच्या हाताला पटतच नाही.

मग मी ओरडते, मुली हसतात, आणि व्याख्या पाठ न करताच घरी जातात. पालथ्या घड्यावर पाणी. पण शास्त्राला कुणी नाक मुरडलं की मला राग येतो त्याचं कारण निव्वळ मास्तरकी नाही. आमच्या घरात संगीताची वाटणी झाली होती. गाणं माझ्या वाट्याला आलं आणि शास्त्र माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या. आप्पांना ऐकू येत नाही.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. लग्नाआधीच ते सुरतेतल्या उधन्याला आले आणि लूम्सच्या खात्यात लागले. यंत्रमागाच्या शेडला आमच्याकडे खातं म्हणतात. तिथे शेजारच्या माणसाला हाक मारायची तर त्याच्या कानात तोंड घालून बोंबलावं लागतं, म्हणून कुणी हाक मारतच नाही. सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी चालतो. दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला, अंगठा तोंडाशी नेला की चहा आला, मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की शेठ आले. हे शेठ गुळगुळीत दाढी-मिशी करणारे होते, पण त्यांच्या आधीच्या शेठला मिशा होत्या, आणि खूण काही बदलली नाही.

त्या आवाजाने कान एका दिवसात जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, लहान मुलीचं बोलणं. ढोल किंवा ट्रकचा घरघराट बराच काळ कळत राहतो, त्यामुळे माणसाला वाटतं, आपलं ठीक आहे, जगच हळू बोलायला लागलंय. मी शाळेत जायला लागले तेव्हा आप्पा माझी बडबड ऐकायचे. पुढे केव्हा तरी ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले. कुठल्याशा शिबिरातून कानाचं यंत्र मिळालं होतं, पण ते नुसतं कर्कश किंचाळायचं, म्हणून आप्पांनी ते कपाटात ठेवून दिलं. मग घराला सवयच लागली. बोलायच्या आधी खांद्यावर हात ठेवायचा, समोर यायचं, आणि मग बोलायचं. पाठमोरं बोललेलं आमच्या घरात धरत नाहीत.

शाळेत कुणीतरी माझा आवाज बरा आहे म्हटलं, आणि मायने मला बाईंकडे नेऊन बसवलं. बाई म्हणजे नागपूरकडच्या, यजमान बँकेत, आमच्या मागच्या सोसायटीत राहायच्या आणि घरी पेटीवर गाणं शिकवायच्या. आप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शिकू दे. पन माले काय समजी?" मला काय समजणार, हे वाक्य पुढे मी फार वेळा ऐकलं आणि दर वेळी मला त्याचा राग आला.

पहिल्या परीक्षेला गाण्याबरोबर तोंडी शास्त्र होतं. नाद म्हणजे काय, स्वर म्हणजे काय, सप्तक, आरोह, अवरोह, लय, मात्रा, सम. व्याख्यांचं एक पातळ पुस्तक मिळालं होतं आणि ते पाठ करून कुणाला तरी म्हणून दाखवायचं होतं. मायला वाचता येत नव्हतं, आणि तिच्यापुढे मजुरीवर घरी आणलेल्या साड्यांचा ढीग असायचा. ती दिवसभर लेस लावत बसायची. तेव्हा एका संध्याकाळी, पाळीवर जायच्या आधी, आप्पांनी पुस्तक हातात घेतलं, मला समोर बसवलं आणि म्हणाले, "म्हन."

ऐकू येत नसलं तरी आप्पांना वाचता उत्तम येत होतं, पुस्तकातलंही आणि ओठांवरचंही. एक नजर पानावर, एक माझ्या तोंडावर. दोन्ही जुळलं की मान हलायची, नाही जुळलं की बोट वर. इतर मुली व्याख्या गडगड म्हणून मोकळ्या व्हायच्या. मला ती सोय नव्हती. एक अक्षर जरी खाल्लं तरी बोट वर जायचं. बाई म्हणायच्या, तुझे उच्चार इतके स्वच्छ कसे गं? मी काय सांगणार.

आणि ते नुसतं पाठांतर ऐकून घेणारे नव्हते. त्यांना शंका यायच्या. सात स्वरांत रे, ग, ध, नी कोमल होतात, मध्यम तीव्र होतो, आणि सा व प मात्र अचल, ते कधी हलत नाहीत, असं मी म्हटलं. आप्पांनी पुस्तक बाजूला ठेवलं. "हालतसच नही? आमना खातामाबी दोन जन असाच शेतस." वादी म्हणजे रागाचा राजा, संवादी म्हणजे प्रधान, विवादी म्हणजे शत्रू, हे त्यांना फार आवडलं, पण एक गोष्ट पटेना. "शत्रूले ठेवतस कसाले?" शत्रूला ठेवतातच कशाला? मी हा प्रश्न बाईंकडे नेला. बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "विवादी ठेवत नाहीत गं, कधीतरी चुटपुटता दाखवतात. त्याने राजाची शोभा वाढते. पण फार वेळ बसवला तर राग बुडालाच." मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. आप्पा विचार करून म्हणाले, "बरोबर शे." मग आमच्या एका नातेवाईकाचं नाव घेऊन त्यांनी मायला विवादी समजावून सांगितला. माय खूप हसली.

अडचण आली ती सरगमची. मी सा रे ग म म्हणायचे आणि आप्पा ओठ वाचायचे. पण म म्हणताना ओठ मिटतात, प म्हणतानाही मिटतात. ओठ वाचणाऱ्याला दोन्ही एकच. आप्पा वैतागले. मग त्यांनीच खात्यातली तोड काढली. प्रत्येक स्वराला हात एकेक वीत वर न्यायचा. सा गुडघ्याशी, वरचा सा डोक्याच्या वर. खाली येताना तसाच पायरी पायरीने. आरोह, अवरोह त्यांना डोळ्यांनी दिसायला लागले. पुढे बाईंनी भूप शिकवला तेव्हा तर आप्पांना आकाश ठेंगणं झालं, कारण भूपात मध्यम आणि निषाद नसतातच. ओठ मिटले की तो पंचम, शंकाच नको. जगातला सगळ्यात चांगला राग भूप, असं त्यांचं मत झालं, आणि ते अजून बदललेलं नाही. तीनतालही ते हातावर द्यायला शिकले. मी ओठांनी धा धिं धिं धा म्हणायचे, ते टाळी द्यायचे आणि खालीला हात असा ऐटीत बाजूला न्यायचे की जणू समोरच्या पाहुण्याला बसा म्हणताहेत.

ते दिवस मला फार सुखाचे वाटतात. माझं गाणं आप्पांना ऐकू जात नव्हतं, पण ते आमचं दोघांचं होतं. त्यांना ते हवं होतं, हे मला दिसत होतं, आणि त्यांना ते मिळावं यापलीकडे मला काही नको होतं.

मग बाईंच्या क्लासचा कार्यक्रम ठरला. एका समाजाच्या वाडीत. म्हणजे इथे लग्नं लागतात त्या हॉलमध्ये. मला भूपातला छोटा ख्याल गायचा होता. आप्पांनी रजा घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते पहिल्या रांगेत, बरोबर माझ्या समोर येऊन बसले. ओठ नीट दिसावेत म्हणून.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. घरी आम्ही सगळं सरगममध्ये केलं होतं, आणि कार्यक्रमात मी आलाप आकारात घेतला. आकारात नुसता आ असतो. तोंड उघडं, ओठ स्थिर, वाचायला काहीच नाही. हात मांडीवर, तबला अजून गप्प. आप्पा माझ्या उघड्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी षड्जावर येऊन थांबले आणि श्वास घेण्यासाठी तोंड मिटलं. त्यांना वाटलं, गाणं झालं. ते उठून उभे राहिले, जोरजोरात टाळ्या वाजवल्या आणि खात्यातल्या आवाजात ओरडले, "भारी! भारी गायनी वं पोरी!"

हॉल हसला. दुष्टपणाने नसेल, पण हसला. तबलेवाल्याने तर हातोडी खाली ठेवून हसून घेतलं. लोकांना वाटतं, ऐकू न येणाऱ्याला हसणं कळत नाही. चेहरे वाचण्यात ज्याचा जन्म गेला त्याला ते आधी कळतं. आप्पांनी मागे वळून सगळ्या रांगांवरून एकदा नजर फिरवली, हात खाली घेतले, आणि कुणाला धक्का न लावता बाहेर गेले. मी बंदिश गायले. कशी गायले ते मला सांगता येणार नाही. मला त्या हॉलचा इतका राग आला होता की सूर लागले असतील तर ते माझ्या पुण्याईने नाही. बाहेर आले तेव्हा आप्पा चपलांपाशी उभे होते. माझी चप्पल त्यांनी शोधून जोडीने लावून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन त्यांच्या समोर बसले. त्यांनी ते घेतलं नाही. "तू बाईसले म्हनी दखाड. मना काय काम?"

बाई घरी आल्या. हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. त्या आप्पांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी आहे. आलापाला ताल नसतो, तो संपला असं ओठांवरून कळत नाही, हे मी तिला सांगायला हवं होतं आणि तिने तुम्हाला. पुढच्या वेळी तबल्याकडे बघायचं." आप्पांनी त्यांना चहा दिला, हात जोडले आणि म्हणाले, "तुमनं खरं शे, बाई. पन लोके हसतस. पोरगी गायी ऱ्हायनी आनि लोके तिना बापले हसतस, हाई बरं नही." मुलगी गात असताना लोकांनी तिच्या बापाला हसावं, हे बरं नाही.

आप्पा पुन्हा माझ्या कुठल्याच गाण्याला आले नाहीत. मी परीक्षा देत गेले, बक्षिसं आणली, पुढे शाळेत संगीत शिकवायला लागले. लग्न झालं तेही उधन्यातच, त्यामुळे येणं-जाणं रोजचं. बक्षीस आणलं की आप्पा ते हातात घेऊन बघायचे, मायला सांगायचे कुठे ठेव. चौकशी सगळी करायचे. हॉल केवढा होता, माणसं किती होती. गाण्याबद्दल एक अक्षर विचारायचे नाहीत. मीही हट्टी, मी दर वेळी म्हणायचे, "आप्पा, चला." आणि ते दर वेळी कानाकडे बोट दाखवून हात हलवायचे. मला तेव्हा वाटायचं की जगातल्या सगळ्या हॉलांना कुलपं घालावीत.

त्यांनी खात्यातलं काम सोडलं तेव्हा मी माहेरच्या पुढच्या खोलीत क्लास सुरू केला. जागा होती, आणि माझा डावही होता. मी पोरींना सांगितलं, व्याख्या मला म्हणून दाखवायच्या नाहीत, आप्पांना दाखवायच्या. त्यांनी मान हलवली तरच पुढचा धडा. आप्पांना सांगितलं, "मला वेळ नाही, तुम्ही एवढं बघा." ते नको नको म्हणाले. पण समोर एक चिमुरडी येऊन बसली, खांद्यावर हात ठेवला आणि आरोह म्हणजे काय ते भरभर बरळली, तेव्हा त्यांचं बोट आपोआप वर गेलं.

त्यानंतर काही सांगावं लागलं नाही. आप्पांनी चष्मा बदलून घेतला. पोरी त्यांना घाबरतात आणि त्यांच्यावर जीवही टाकतात. वादी-संवादीची गोष्ट ते प्रत्येक तुकडीला सांगतात. आमच्या क्लासची मुलं तोंडी परीक्षेत अडखळत नाहीत, ते काही माझं कौतुक नव्हे.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी एक मुलगी नादाची लक्षणं म्हणत होती. नादाची उंची, नादाचा लहानमोठेपणा, आणि नादाचा गुण. उंचीने सूर वरचा की खालचा ते कळतं, लहानमोठेपणाने आवाज दुरून आला की जवळून ते कळतं, आणि गुणाने, पडद्याआड असलं तरी, ती बासरी आहे की पेटी, आई बोलते आहे की मावशी, ते ओळखू येतं. आप्पांनी मान हलवली, मुलगी पळाली. पुस्तक मात्र त्यांच्या मांडीवर उघडंच राहिलं.

सगळ्या पोरी गेल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक इचारू? तुना आवाज कसा शे?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, मी पेटीच्या काळी चारला गाते, मध्य सप्तकात मोकळी असते, वरच्या पंचमापर्यंत आवाज पोचतो. हाताने उंचीही दाखवली. त्यांनी मान हलवली नाही. "ती उंची व्हयनी. गुन सांग." मी बारीक नाही म्हटलं, थोडा घोगरा म्हटलं, गोड म्हणवेना. इतकी वर्षं शास्त्र शिकवून माझ्याकडे शब्दच नव्हते. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते, आणि मला रडू यायला लागलं.

माय साड्या घड्या करत होती. ती उठली, आप्पांच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमनी बहीन सारखा शे. तोच आवाज."

आप्पांची बहीण, माझी आत्या, मला फोटोपुरतीच ठाऊक. पारोळ्याला दिलेली; मी रांगत होते तेव्हा ती गेली. गावात कुणाकडेही लग्न असलं तरी हळदीच्या गाण्यांना तिनेच सुरुवात करायची, असं म्हणतात. आप्पांचे कान तेव्हा शाबूत होते.

"खरं?" आप्पांनी विचारलं.

"मी काय खोटं बोलस?"

"मंग इतला वरीस काबरं नही सांगं?"

"तुम्ही कधी इचारं?" माय म्हणाली, आणि पुन्हा साड्यांकडे गेली.

आप्पांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग त्यांनी मला विचारलं, रविवारी माझा कार्यक्रम आहे तो कुठे.

रविवारी ते आले. मायला घेऊन तिसऱ्या रांगेत बसले. तिथून ओठ दिसत नाहीत, हे मी त्यांना खुणेने सांगितलं. त्यांनी असू दे म्हणून हात हलवला. मी भूपच घेतला. आकारात पहिला षड्ज लावला आणि त्यांच्याकडे बघितलं. समोर कुणी तोंड उघडलं की ज्या माणसाने आयुष्यात कधी पापणी लववली नाही, त्या माझ्या बापाने डोळे मिटले होते. शेजारचे गृहस्थ मायला खुणावत होते, झोपले वाटतं. माय त्यांना काही सांगत बसली नाही.

तबलजी माझ्याकडे बघत होता, बंदिश केव्हा सुरू करायची म्हणून. मी त्याला थांब म्हटलं, आणि आलाप लांबवला.